हलकी करवत

"वादळात आंब्याची नऊ कलमं आडवी झालीत," मी दुकानदाराला सांगितलं. "पेट्रोलवरची करवत हवी. हलकी दाखवा."

"आंब्याच्या खोडाला हलकी?" त्याने लांब पात्याची, वजनदार करवत पुढे सरकवली. "तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाला हीच शोभते."

माझ्यासारख्या धिप्पाड माणसाचा कोल्हापूरचा रिपोर्ट सदऱ्याच्या खिशात होता. दिवाळीच्या पुढचं काही बोलायचं डॉक्टरांनी टाळलं होतं. बायकोला मी पित्त आहे म्हणून सांगितलं होतं.

"हलकीच द्या म्हटलं ना!" मी खेकसलोच. मग शेजारी उभ्या बायकोकडे वळलो. "तू दोरी ओढून बघ. मी कधी घरी नसलो, तर तुझं अडायला नको."

दुकानदाराने दाखवलं तसा तिने करवतीच्या मुठीवर पाय दिला आणि दोरी ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली, तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"वहिनी, जोर लावा की!" दुकानदार हसला. त्याने दोन बोटांनी दोरी खेचली, तशी करवत लगेच गुरगुरायला लागली.

मी बायकोच्या मनगटाकडे बघत राहिलो. बत्तीस वर्षं याच मनगटाने आमच्या खोल विहिरीतून पाणी शेंदलं होतं.

दुकानदाराने करवत बंद केली. बायकोची नजर माझ्या खिशावरून हलत नव्हती.

"मला नाही जमायचं," ती त्याला म्हणाली. "ती वजनदारच द्या. चालवायची ह्यांनाच आहे."