वेगळं ताट

कल्पिताला हिपॅटायटिस बी निघाल्यापासून कोपरीच्या घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. "माहेराहूनच रोग घेऊन आली," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या आणि तिचा नवरा हितेश मान खाली घालून जेवत राहायचा.

आज डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, "विषाणू एकच असतो हो. कुणाच्या जनुकांत त्याला हाकलायची ताकद असते, कुणाच्या नसते."

म्हणजे दोष कुणाचाच नव्हता! कल्पिताला किती दिवसांनी हलकं वाटलं.

"बघ, नशीब गं एकेकाचं. चल," म्हणत हितेश घाईघाईने उठला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं नशीब चांगलं, तुम्ही याच आजारातून बरे झालात. पण बायकोला लगेच लस द्या म्हणून तेव्हाच बजावलेलं ना मी तुम्हाला?"