उशीतला कापूस

उतरलेलं वजन टिकवायला फक्त आत्मविश्वास लागतो, आणि तो वामनरावांकडे पोतंभर होता. अडचण एवढीच, की झाडीपट्टीच्या नाटकात ते जाड्या सावकाराचं काम करत. "लोकं पोटालेच हासतेत, भाऊ," म्हणत कंपनीच्या मालकाने त्यांना पोटावर उशी बांधायला लावली. दिवाळीनंतर गावोगावी प्रयोग सुरू झाले आणि प्रत्येक गावी कोणाकडे तरी कोंबड्याचं जेवण. महिन्याभरात कोटाची बटणं लागेनात.

"कमळाबाई, उशी लय फुगून राह्यली. थोडा कापूस काढा."

कपडेपट सांभाळणाऱ्या कमळाबाईने विचारलं, "उशीच फुगली ना, भाऊ?"

"मंग? मी फुगलो का?"

तिने कापूस काढला. पुढच्या गावीही काढला.

होळीच्या शेवटच्या प्रयोगाला वामनरावांच्या पोटावर उशीची नुसती खोळ बांधलेली होती.