आधी नाही, नंतर

"दुसरं काही औषध चालू आहे का?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

स्ट्रेचरवरच्या बाईंनी चमकून वर पाहिलं. गुडघा बदलायचा होता. थिएटरचं दार समोर उघडं होतं.

"माझ्याच गोळ्या घेतेय," त्या म्हणाल्या. "गुडघा सुजायचा म्हणून. तुम्ही विचारेपर्यंत डोक्यातच आलं नाही माझ्या."

शेजारी उभा असलेला सर्जन हसला. त्या गोळ्यांवर त्याचा फार जीव. बाईंनी प्रयोगशाळेत उभी हयात घालवून रानहळदीच्या कंदातून ते द्रव्य वेगळं काढलं होतं. ऑपरेशननंतरची सूज त्यानं भराभर ओसरायची, पेशंट लवकर चालायला लागायचे. कितीजणांना त्यानं स्वतः लिहून दिल्या होत्या.

"बाई, झाडपाल्याचं औषध ते. त्यानं काय होतंय?"

"जे सुजेवर चालतं, ते रक्तावरही चालत असेल. आधी रक्त तपासा."

"तुमच्या एवढ्या चाचण्यांत असं काही आलं नाही."

"चाचण्यांत सगळ्यांना ऑपरेशननंतर दिल्या होत्या. आधी कोणी घेतल्याच नाहीत, तर येणार कुठून?"

सर्जनच्या कपाळाला आठी पडली. पुढचे पेशंट खोळंबणार होते. पण बाई हटेनात. शेवटी रक्त तपासायला गेलं. ते गोठायला फारच वेळ घेत होतं.

ऑपरेशन रद्द झालं. बाईंनी पडल्या पडल्याच धाकट्या भावाला फोन लावला. गोळ्यांचा कारखाना तो बघायचा.

"दुकानांतला सगळा माल परत मागव. 'ऑपरेशनच्या आधी घेऊ नये' असं पाकिटावर ठळक छाप."

"ताई, अगं एकट्या तुझ्या रक्तावरून? लोक गोळीला हात लावणार नाहीत. जन्मभराच्या कष्टांवर आपल्याच हातानं पाणी ओततेस?"

"ओतते. तू छाप."

त्यांनी फोन ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी कोणाला दिसू दिले नाहीत. दुखरा पाय सावरत त्या स्ट्रेचरवरून उतरू लागल्या, तेव्हा सर्जननं पुढे होऊन त्यांना आधार दिला. खुर्चीत नीट बसवलं.

मग तो घाईघाईनं खिडकीशी गेला आणि त्यानं घरी फोन लावला.

"आई, तुझं उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलतोय. आणि ऐक, मी तुला दिलेल्या त्या पिवळ्या गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद कर."