भिंत

"आधी ठोसा, मग शाल," कोचनी फोटोग्राफरला बजावलं. स्पर्धेच्या उद्घाटनाला दरवर्षी हाच रिवाज. पाहुण्यांनी म्हाताऱ्या बॉक्सरच्या जबड्यावर एक ठोसा हाणायचा, त्यानं हलायचं नाही, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवायच्या. कितीही मार खाल्ला तरी पडत नाही, म्हणून गाव त्याला 'भिंत' म्हणतं. त्याच्यावर हात साफ करून पोरं मेडलं घेऊन पोलिसात लागली. भिंत अजून व्यायामशाळा झाडते.

"सर, डॉक्टरांनी सांगितलंय, आता एक ठोसा बसला तरी उरलेला डोळाही जाईल," त्याची बायको स्टेजच्या पायरीशी येऊन म्हणाली.

"अहो वहिनी, साहेब हळूच मारतील. लोक काय भाषणं ऐकायला आलेत?"

आमदारसाहेबांनी बाह्या सरसावल्या. अंगठी काढायचं काही त्यांना सुचलं नाही. मूठ आली, आणि भिंतीनं मान जराशी बाजूला घेतली, इतक्या सहज, जणू रोजचंच काम. साहेब आपल्याच जोरानं हारांच्या टेबलावर आडवे झाले.

"अरे, तुला चुकवता येत होतं?" कोच किंचाळले.

"पहिल्यापासून येतं, सर. तुम्हीच म्हणायचात, चुकवणाऱ्याला बघायला कोण येतंय?"

शिट्टी एकही वाजली नाही. जन्मात कानाखाली एक खाल्ली नाही असले बहाद्दर खुर्च्यांवर उभे राहून "भित्रा! भित्रा!" ओरडत होते. बायकोचा हात धरून तो पायऱ्या उतरला. उरलेल्या डोळ्यानं त्यानं ती सगळी तोंडं नीट न्याहाळली. बघण्यासारखं एकही नव्हतं.