रोज नवं पाणी

शिवणीत अंगठा घातला तेव्हा मुद्रितशोधकांना तिथे काहीतरी बुळबुळीत लागलं. की भासच तो? त्यांनी चष्मा पुसला, अंगठा हुंगला आणि फुगवलेला प्लॅस्टिकचा तलाव पुन्हा उलटा केला.

लेक यायची होती. येताना गाडी घेऊनच येते म्हणाली होती. त्याचा अर्थ न कळण्याइतके ते भोळे नव्हते. ती चिऊला न्यायला येत होती.

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. आता स्वतःच्या हातून एक झाली आणि ती थेट चिऊच्या पाठीवर छापून आली. महिन्यापूर्वी तलावाचं पाणी हिरवट दिसलं. घाबरून त्यांनी जंतुनाशक पावडर ओतली आणि मनाच्या समाधानासाठी वर आणखी थोडी. संध्याकाळी चिऊची पाठ लालेलाल. लेकीने फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, एकट्याला जमतंय ना तुम्हाला?"

तेव्हापासून पावडर बंद. रोज पाणी उपसून झाडांना घालायचं. ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन आतली घडी न् घडी घासायची. शिवणींना दातांचा जुना ब्रश. मग खळखळून धुवायचं, उन्हात उलटा टाकायचा, भरला की वर चादर. पाय धुऊनच आत जायचं, त्यासाठी शेजारी घमेलं.

"अहो, किती घासाल?" कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले. "तळाला भोक पडायचं."

"भोकाला ठिगळ लावता येतं," मुद्रितशोधक म्हणाले.

घरात आंघोळ घालायची सोय उरली नव्हती. न्हाणीघराचं दार दिसलं की चिऊ किंचाळायची, चावायची. मग एकदा बाजारात एका दुकानाबाहेर तिने हा निळा तलाव पाहिला, टाळ्या पिटल्या आणि जागची हलेना. ते एकटेच आत गेले.

"वय काय हो?" दुकानदाराने विचारलं.

"हट्ट करायचं," ते म्हणाले आणि तलाव घेऊन बाहेर आले.

तलाव भरून त्यांनी वर चादर घातली, तोच फाटक वाजलं. लेक सरळ अंगणात आली, चादर उचलून तिने पाण्यात कोपर बुडवलं.

"पावडर?"

"चिमूटभरसुद्धा नाही. वास घेऊन बघ."

"रोज बदलता पाणी?"

"रोज."

"आणि कंबर तुमची?"

"कंबर माझी आहे. मी बघेन तिचं."

लेक हसली नाही. "बाबा, तिथे तिच्या वयाच्या सोबतिणी आहेत. सांभाळायला बायका आहेत, गाणी म्हणून घेतात. आणि हे बघा, उद्या तुम्हीच पडलात, तर तिला कोण बघणार?"

"आंघोळ कशी घालतात तिथे?" त्यांनी विचारलं.

"फवाऱ्याखाली."

"चावेल ती."

"सुरुवातीला सगळ्याच चावतात म्हणे. मग सवय होते."

हे वाक्य मुद्रितशोधकांना खोडून टाकावंसं वाटलं. पण समोर कागद नव्हता.

दार धरून चिऊ बाहेर आली, फुलाफुलांच्या झग्यात. लेकीला पाहून ती त्यांच्यामागे लपली आणि मोठ्याने कुजबुजली, "ही बाई कोण?"

लेकीचा चेहरा उतरला. "बघितलंत? मला विसरलीसुद्धा."

"आधी पाण्यात बसू दे तिला. मग काय ते बोल."

चिऊने घमेल्यात एक पाय बुडवला, मग दुसरा. त्यांच्या दंडाला धरून ती तलावात बसली आणि दोन्ही हातांनी तिने पाणी असं थापटलं की लेक कमरेपर्यंत भिजली. चिऊ खदखदून हसली. लेक झटकन खाली वाकली. तिने झग्याची मागची गाठ सोडली, पाठ उजेडाकडे वळवली, बोटाने खालपासून वरपर्यंत चाचपली. पुरळाचा मागमूस नव्हता.

"दुखतं इथे?"

"गुदगुल्या होतात!" चिऊ म्हणाली. मग लेकीचा हात धरून तिने तो पाण्यात ओढला. "ये ना तू पण."

हात पाण्यातच ठेवून लेक काठाशी बसली. पाणी हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. मुद्रितशोधक उगाचच चादरीची घडी घालत राहिले, मोडत राहिले.

शेवटी ती उठून फाटकाशी गेली. "गाडी न्या परत," तिने गाडीवाल्याला सांगितलं. "नाही, उद्यापण नको."

परत येऊन ती म्हणाली, "एक बाई ठेवायची कामाला. आणि रविवारी तलाव मी घासणार. वाद नकोय मला, बाबा."

"शिवणी नीट घासशील?" त्यांना एवढंच सुचलं.

लेकीने चपला काढल्या. घमेल्यात पाय धुतले, तलावात उतरून ती चिऊच्या मागे बसली. पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी तिने हलक्या हाताने सोडली आणि ओंजळ भरली.

"डोळे घट्ट मीट हं, आई. साबण जाईल."