कापलेला कोपरा

पडद्यावर दाखवलेली फिल्म उलटी होती.

प्रयोगशाळेत एक्स-रेसारख्या या फिल्म तयार करणाऱ्या कात्रीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डावीकडे कोरी जागा, खाली लिहिलेलं ‘उपचाराआधी’. उजवीकडे ठसठशीत काळी रेघ, खाली ‘उपचारानंतर’. रेघेशेजारी बुडबुड्याचा वाटोळा पांढरा ठिपका. दोन महिन्यांपूर्वी तो बुडबुडा त्यांच्याच हातून राहिला होता आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. फिल्म त्यांचीच होती, यात तिळमात्र शंका नव्हती.

“हे बघा,” प्रयोगशाळेचे प्रमुख सर टेबलापलीकडच्या बाईला समजावत होते, “तुमच्या मुलीच्या पेशींना एक प्रथिन बनवता येत नाही. ते बनवायचा जीन आम्ही आत पोचवतो. ही काळी रेघ म्हणजे तेच प्रथिन. आजारी उंदरात नव्हतं, उपचारानंतर आलं. आता संमतीपत्रावर तुमची सही झाली की काम झालं.”

ती बाई शिवणकाम करणारी. घाईघाईत निघाली असावी, मापाची टेप गळ्यातच राहिली होती. मांडीवर सहा वर्षांची लेक. दारापासून खुर्चीपर्यंतही तिला उचलूनच आणावं लागलं होतं.

“मग मी पळणार?” लेकीने विचारलं.

“पळशील की!” सर म्हणाले.

कात्रीबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. ती रेघ होती धडधाकट उंदराची. उपचार केलेल्या उंदराची जागा कोरी करकरीत निघाली होती, आणि हे त्यांनी त्याच दिवशी सरांच्या कानावर घातलं होतं. फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. घोळ नको म्हणून त्या प्रत्येक फिल्मचा वरचा उजवा कोपरा कात्रीने कापत. त्यावरून सगळे थट्टा करायचे, नावही त्यावरूनच पडलेलं. पडद्यावरच्या चित्राच्या मात्र चारही कडा नीट छाटलेल्या होत्या.

“सर, फिल्म उलटी आहे.”

“बाई, आपण नंतर बोलू.”

“नंतर काय बोलणार? हा डोस आयुष्यात एकदाच देता येतो. जीन वाहून नेणारा विषाणू शरीराने एकदा ओळखला की पुन्हा आत घेत नाही. उद्या खरं औषध निघालं तरी या पोरीला ते चालणार नाही!”

सरांनी आवाज खाली आणला. “पुढच्या खेपेला रेघ येणारच आहे हो. अकरा वर्षं घातलीत मी यात. तुम्हीसुद्धा.”

तेच तर जिव्हारी लागलं. अकरा वर्षं त्यांनी एकेक कोपरा कापला होता, तो काय यासाठी? त्यांनी वहीतून मूळ फिल्म काढली आणि सरळ खिडकीच्या काचेवर धरली. कापलेला कोपरा वर उजवीकडे, रेघ डावीकडे.

“ही निरोगी उंदराची. आणि ही कोरी जागा, आमच्या औषधाची.”

“एक फिल्म उलटी लागली म्हणून आभाळ कोसळत नाही,” सर चिडले. “चूक होते माणसाच्या हातून!”

“चूक असती तर कोपरा दिसला असता, सर.”

शिवणकामवाली लेकीला कडेवर घेऊन खिडकीशी आली. तिने फिल्म हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. कापलेल्या कोपऱ्यावरून हळूच अंगठा फिरवला.

“डावी-उजवी बाही अशीच सारखी दिसते, ताई,” ती म्हणाली. “कापताना मीही खूण ठेवते.”

मग ती सरांकडे वळली. 

“साहेब, माझ्याकडे कुणी खूण छाटली तर त्याच्या हाती मी परत कापड देत नाही. तुमच्या हाती लेक देऊ?”