जास्वंदीचा ठसा

यामिनीताईंनी गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पुण्याच्या दुकानातून परत आलेली ग्रीटिंग कार्डं सतरंजीवर पसरली. सगळी जास्वंदीची. लाल रंग पाकळ्यांच्या बाहेर सांडला होता. एका कार्डावर तर पाकळी कोरडीच राहिली होती आणि तिच्या शेजारी नुसतंच लाल थारोळं.

काम कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. देवळाली प्रवऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या महिला केंद्रात जास्वंद दोघींचीच. लंकाबाई लाकडी ठशाला शाई लावून तो जाड हातकागदावर मारायची. शेजारी बसलेली मनकर्णा त्या फुलात रंग भरायची.

लंकाबाईचा हात जड. तिनं ठसा मारला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, असं बायका म्हणायच्या. नवऱ्यावरचा राग ठशावर काढते, अशी थट्टा रोजची होती. लंकाबाईही मागं हटायची नाही. त्याला मारता येत न्हाई म्हणून ह्याला मारते, म्हणायची आणि आणखी एक हाणायची. शाई फुटते, जरा हलका मार, असं ताईंनी तिला दोनदा बजावलं होतं. एक दिवस तिनं ऐकलं. त्या दिवशी मनकर्णानं डोकं दुखतंय म्हणून रंग बाजूला ठेवले आणि पाकिटं चिकटवायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धप्प.

तो धप्प आवाज साऱ्या खोलीत एकट्या मनकर्णाला गोड लागायचा. तिची नजर जात चालली होती. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा आतला पडदा खराब झालाय. चष्म्यानं भागणार नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. बघायचं तिथं धुकं आणि कडेकडेला जग, अशी गत झाली होती. लाल-हिरवं अजून कळायचं, रेघ मात्र दिसायची नाही. पण दाबून मारलेल्या ठशानं त्या जाड कागदात रेघेरेघेची बारीक चारी पडायची, शेतातल्या चरासारखी. डाव्या हाताचं बोट चारीतून पुढं सरकवायचं आणि त्याच्या मागून ब्रश. पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसा रंग पाकळीत शिरायचा. वर्षभर तिनं असंच निभावलं होतं. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि त्याचं तिला मनातून थोडं कौतुकही होतं. अलीकडे मात्र भागेना. कागद ओला झाला की फुगायचा, चारी बुजायची, आणि बोट आंधळ्यासारखं भलतीकडंच जायचं.

घरी सांगायची सोय नव्हती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडं राहायची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी नणंद भावजयीला चालत होती. दिवसभर ओट्यावर बसून राहणारी चालेल की नाही, हे मनकर्णानं विचारलं नव्हतं. काही गोष्टी न विचारताही कळतात.

ताई मनानं वाईट नव्हत्या. नव्या वर्षाची मोठी मागणी आली होती, आत सत्त्याण्णव सालच्या शुभेच्छा छापून हव्या होत्या. तीही अशीच परत आली असती, तर दुकानदारानं पुन्हा उभं केलं नसतं आणि केंद्रालाच टाळं लागलं असतं. दोघींतल्या एकीला कामावरून थांबवावं लागेल, एवढं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचाच चेहरा उतरला होता.

"मनकर्णा, तूच सांग. चूक रंगात आहे का ठशात?"

लंकाबाई समोरच बसली होती. मनकर्णाला तिच्या लुगड्याचा हिरवा रंग तेवढा दिसला. चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. बरं झालं, तिला वाटलं. तोंड दिसलं असतं तर जीभ उचलली नसती.

"ठशात, ताई," ती म्हणाली. "लई दाबून मारती ती. शाई फुटती. मंग रंगानं थांबायचं कुठं?"

साऱ्या बायका लंकाबाईकडं बघू लागल्या. तिचं तोंड गावाला माहीत होतं. आता ती मनकर्णाच्या सात पिढ्या काढणार, म्हणून कुणी पदर सावरून बसलं, कुणी पाण्याची वाटी मागं घेतली. लंकाबाईनं ठसा तेवढा मांडीवर घेतला. ताईंनी थोडी वाट पाहिली. मग, उद्यापासून ठसा पाकिटांवरची बनुबाई मारेल, हलक्या हातानं मारेल, असं सांगून त्या आतल्या खोलीत गेल्या.

हलक्या हातानं. ते शब्द कानावर पडले तेव्हा कुठं मनकर्णाला कळलं, की आपण आपल्याच हातानं आपली चारी बुजवली. उद्या नुसतं गुळगुळीत पांढरं समोर येणार होतं. आज नाही तर आणखी चार दिवसांनी घरचा ओटा ठरलेला. तोंडातले शब्द मागं घ्यावेत, तर डोळ्यांचं सांगावं लागणार होतं. ती ब्रश धूत राहिली. ब्रश कधीचाच स्वच्छ झाला होता.

लंकाबाईनं ठसा फडक्यानं पुसला, नीट पुसला, खाचाखाचांतून. तो बनुबाईच्या हातात दिला आणि कोपऱ्यात तिच्याशी काहीतरी पुटपुटली. मग आपली पिशवी उचलून ती दाराकडं निघाली. मनकर्णापाशी येऊन थांबली. हिरवा रंग खाली वाकला.

"बनूला सांगितलंय म्या, ताईंची पाठ वळली की दाबून मार," ती हळूच म्हणाली. "का, ते न्हाई सांगितलं."